मिररलेस घ्यावा की आहे तोच कॅमेरा चालवावा? इंदूरकरांसाठी पायरीपायरीने

गणपती जवळ आले की इंदूरच्या मराठी घरांत कॅमेऱ्याची चौकशी सुरू होते. कोणाकडे मुंज असते, कोणाला अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) टिपायच्या असतात, कोणाचा मुलगा सिरपूर तलावावर पक्षी बघायला जायला लागलेला असतो. प्रश्न दोनच: कपाटातला डीएसएलआर विकून मिररलेस घ्यावा का, आणि मोबाइलवरून थेट मिररलेसवर उडी मारावी का. दुकानात विचाराल तर दोन्हींचं उत्तर 'हो' असंच येणार, त्यात दुकानदाराचा काही दोष नाही. पण माझ्या मते हा निर्णय नव्या कॅमेऱ्याच्या जाहिरातीवरून होत नाही, तुमच्या बिघडलेल्या फोटोंवरून होतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत.

आधी फरक समजून घ्या

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडतो, तिथून वरच्या प्रिझममधून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता प्रकाश सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपवर, पोचतो. तो ओळखीचा 'खटॅक' मुख्यतः आरशाचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही. प्रकाश सतत सेन्सरवर पडत असतो आणि सेन्सरला जे दिसतं ते तुम्हाला मागच्या स्क्रीनवर किंवा डोळ्याला लावायच्या छोट्या पडद्यावर दिसतं. म्हणजे फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबायच्या आधीच कळतं. नवशिक्याला याचा फार फायदा होतो.

लेन्स बदलता येणारा मिररलेस पॅनासॉनिकने २००८ मध्ये आणला. २०१३ मध्ये सोनीची ए७ मालिका आली आणि २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) मिररलेसमध्ये उतरले. तेव्हापासून या कंपन्यांचं नवं संशोधन आणि नव्या लेन्स तिकडेच जात आहेत. पण म्हणून तुमचा डीएसएलआर उद्यापासून फोटो काढायचा थांबणार नाही. 'आता डीएसएलआर संपला' या एकाच भीतीने पैसे खर्च करू नका.

पायरी १: बिघडलेले फोटो बाजूला काढा

गेल्या वर्षभरातले फोटो संगणकावर उघडा. चांगले तसेच राहू द्या. मनासारखे न आलेले पन्नासेक फोटो एका फोल्डरमध्ये टाका आणि प्रत्येक पूर्ण मोठा करून बघा. आता प्रत्येकाला विचारा: हा नेमका कशामुळे फसला? कारणाप्रमाणे ढीग लावा.

सगळा फोटो एकाच दिशेने पुसल्यासारखा दिसतो, तेव्हा हात हलला आहे. मागची भिंत स्वच्छ आहे पण नाचणारी पोरगी धूसर, तेव्हा शटरचा (सेन्सरवर क्षणभर प्रकाश पडू देणाऱ्या पडद्याचा) वेग कमी पडला. बटूच्या कानाची भिकबाळी लख्ख दिसते आणि डोळे मऊ, तेव्हा फोकस चुकला. सगळं जागच्या जागी आहे पण रवा पसरल्यासारखे दाणे दिसतात, तेव्हा प्रकाश कमी होता आणि आयएसओ (प्रकाश किती वाढवून दाखवायचा तो आकडा) फार वर गेला. पक्षी फोटोत मुंगीएवढा आहे, तेव्हा लेन्स पोचली नाही. आणि फोटो तांत्रिकदृष्ट्या ठीक पण बघावासा वाटत नाही, तर कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. तो ढीग सगळ्यात मोठा निघाला तर दुकानात जायचं तूर्तास रद्द.

हे काम कंटाळवाणं आहे, एक रविवार दुपार जाते. पण पुढचा प्रत्येक निर्णय यावर उभा आहे, तेव्हा टाळू नका. फोटोच्या माहितीत शटर, अपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं), आयएसओ लिहिलेलं असतं, तेही शेजारी टिपून ठेवा.

मोबाइलवाल्यांनीही हेच करायचं. मोबाइलचा नाइट मोड एकामागून एक बरेच फोटो घेऊन त्यांचा एक फोटो करतो. त्यामुळे रात्रीचा राजवाडा सुरेख येतो, पण त्याच्यासमोरून धावणारं पोर भुतासारखं दिसतं. तुमच्या ढिगात असे हलत्या माणसांचे फोटो जास्त असतील तर मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याचा विचार करायला जागा आहे. सगळे फोटो शेवटी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच जाणार असतील, तर नाही. लाखाचा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरल्यावर एखादी काकू म्हणतेच, 'अगं, माझ्या मोबाइलवर पण असाच आला!' तिचं त्या आकारापुरतं बरोबर असतं.

पायरी २: फुकटचे उपाय आधी

हात हलण्याचा आणि शटर कमी पडण्याचा ढीग बऱ्याचदा सेटिंगमधूनच अर्धा होतो. ऑटोवरून बाहेर या. कॅमेऱ्याला सांगा की शटर सेकंदाच्या १/२५० पेक्षा हळू चालवायचं नाही आणि आयएसओ लागेल तसा ६४०० पर्यंत वर जाऊ दे. ही 'ऑटो आयएसओ'ची मर्यादा बहुतेक कॅमेऱ्यांत मेनूमध्येच मिळते. थोडे दाणे आले तरी चालतील. धूसर चेहरा कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. रॉ फाइलवर (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या मूळ फाइलवर) काम करता येत असेल तर आजची सॉफ्टवेअर दाणे बऱ्यापैकी पुसतात.

फोकसचा बिंदू कॅमेऱ्याला निवडू देऊ नका. मधला बिंदू घ्या, जवळच्या डोळ्यावर ठेवा. बस्स. आठ-पंधरा दिवस असं करून पुन्हा ढीग लावा. ज्यांचे ढीग विरघळले त्यांनी इथेच थांबावं आणि उरलेल्या पैशांत मांडूला जाऊन यावं.

पायरी ३: सराफ्यात परीक्षा घ्या

इंदूरकरांना कॅमेऱ्याची चाचणी घ्यायला प्रयोगशाळेची गरज नाही. राजवाड्याजवळच दिवसा सोन्या-चांदीचा आणि रात्री खाण्याचा बाजार आहे. दहाच्या सुमाराला जा. दिव्यांचा पिवळा-पांढरा गोंधळ, तव्याची वाफ, गर्दीची ढकलाढकली, आणि दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलणारा हात. कॅमेऱ्याला जे जे जड जातं ते सगळं एका गल्लीत.

त्या उडत्या द्रोणाचं गणित बघा. बरोबर मिळालेली किट लेन्स थोडी झूम केली की तिचं अपर्चर एफ ५.६ च्या आसपास येतं. आयएसओ ३२०० ठेवून एखाद्या बऱ्या उजेडाच्या गाड्यावर शटर समजा १/६० मिळालं. द्रोण म्हणजे नुसता पांढरा फराटा. आता त्याच कॅमेऱ्यावर एफ १.८ ची लेन्स लावा. ५.६ ला १.८ ने भागून वर्ग केला की साडेनऊच्या पुढे आकडा येतो, म्हणजे जवळजवळ दहापट प्रकाश आत आला. तोच आयएसओ, तोच गाडा, पण शटर १/५०० च्या वर. द्रोण हवेत थांबलेला, वरून सुटलेला दह्याचा थेंबसुद्धा मोजता येईल असा.

कॅनन डीएसएलआरची ५० मिमी एफ १.८ किंवा निकॉनची ३५ मिमी एफ १.८ डीएक्स ही असली लेन्स नव्या मिररलेस बॉडीच्या (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्याच्या) किमतीच्या कितीतरी खाली येते. सेकंडहँड तर आणखी स्वस्त, कारण लोक मिररलेसकडे जाताना ती विकून टाकतात.

उलट बाजूही करून बघा. इंदूरमध्ये लग्नाच्या फोटोग्राफीचा व्यवसाय मोठा आहे, त्यामुळे कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देणारे सापडतात. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. एका रात्रीसाठी नवा मिररलेस त्याच्या किट लेन्ससह घ्या आणि त्याच गाड्यासमोर उभे राहा. सेन्सर नवा असला तरी किट लेन्सचं अपर्चर तेवढंच, किंबहुना आजकालच्या छोट्या किट लेन्स झूमच्या टोकाला एफ ६.३ वर जातात. द्रोण पुन्हा फराट्यासारखाच येईल. मात्र गिऱ्हाइकांचे चेहरे बघा: इथे नवा कॅमेरा बाजी मारतो. पुढची पायरी त्याचीच.

पायरी ४: बॉडीशिवाय सुटत नाही असं काय आहे?

फोकसचा ढीग उंच असेल तर कान टवकारा. कॅनन १५००डी मध्ये फोकसचे ९ बिंदू आहेत, निकॉन डी३५०० मध्ये ११, आणि ते सगळे चौकटीच्या मधल्या भागात गोळा झालेले. माणूस कडेला असेल तर आधी मध्ये धरून फोकस करायचा, मग कॅमेरा वळवायचा. एफ १.८ वर असं वळवताना डोळ्यावरचा फोकस नाकावर घसरतो. शिवाय डीएसएलआरचा फोकस एक वेगळा सेन्सर ठरवतो. तो आणि मुख्य सेन्सर यांचं किंचित जरी जुळलं नाही तरी प्रत्येक फोटो दोन बोटं पुढे किंवा मागे स्पष्ट येतो. स्वस्त बॉडीत ते जुळवायची सोयही नसते.

मिररलेसमध्ये फोकस फोटो घेणाराच सेन्सर ठरवतो, त्यामुळे हा पुढेमागेचा त्रास उरत नाही. बिंदू चौकटीच्या जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले असतात. आणि कॅमेरा डोळा ओळखून त्याला चिकटून राहतो. मांडवात आत्या-मामांच्या गर्दीतून इकडून तिकडे पळणारा बटू, रंगमंचावर वळणारी नर्तिका, अशा ठिकाणी हा फरक सेटिंगने किंवा लेन्सने भरून निघत नाही. सरळ बॉडीच लागते.

एक अपवाद सांगून ठेवतो. कॅनन २००डी मार्क २ सारख्या काही डीएसएलआरमध्ये मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढताना डोळा ओळखण्याची सोय आहे. तुमच्याकडे तो असेल तर आधी ती चालू करून बघा. बरेच जण वर्षानुवर्षे तो वापरतात आणि ही सोय उघडतच नाहीत.

दुसरा खरा फरक शांततेचा. मराठी नाटक किंवा शास्त्रीय मैफल, परवानगी असेल तर, मिररलेसच्या मूक शटरवर कोणाला न कळता टिपता येते. पण हेच शटर झाँक्यांच्या रात्री डोकेदुखी होतं. मूक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. घरची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात; शटर वेगाचं असेल तर फोटोत आडवे काळे पट्टे उमटतात. अशा वेळी मूक शटर बंद करा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. झाँकीवरच्या स्वस्त एलईडी पट्ट्यांचं वेळापत्रक त्यांचं त्यांनाच ठाऊक, तेव्हा पहिल्याच झाँकीला दोन-चार फोटो काढून स्क्रीनवर तपासा. मिलांच्या (कापडगिरण्यांच्या) झाँक्या एकामागून एक येत राहतात, रात्र मोठी असते.

त्या मोठ्या रात्रीत डीएसएलआर अजून पुढे आहे तो बॅटरीत. निकॉन डी३५०० ची मोजणी एका चार्जवर १५५० फोटोंची. सोनी ए६४०० ची स्क्रीनवर ४१० आणि व्ह्यूफाइंडरवर ३६०. प्रत्यक्षात दोन्हीकडे आकडे वर-खाली होतात, पण प्रमाण असंच. मिररलेस घेणार असाल तर दुसरी बॅटरी बजेटमध्ये आत्ताच लिहा.

व्हिडिओ करत असाल तर फार विचार नको, मिररलेस घ्या. मेगापिक्सेलवरही वेळ घालवू नका: २४ मेगापिक्सेलचा फोटो वीस इंच रुंद छापला तरी इंचाला ३०० ठिपके पुरतात.

पायरी ५: पक्ष्यांचा वेगळा हिशेब

सिरपूर आणि यशवंत सागर या दोन्ही तलावांना २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. हिवाळ्यात तिथे दुर्बिणीवाले आणि कॅमेरेवाले सारखेच दिसतात. इथे पहिला प्रश्न लेन्सच्या लांबीचा असतो. किट लेन्सने पाणकोंबडी म्हणजे पाण्यावरचा ठिपका. २५० मिमीची लेन्स एपीएस-सी सेन्सरवर (फुलफ्रेमपेक्षा लहान, बहुतेक परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत असतो तो) साधारण ३७५ ते ४०० मिमीसारखी पोचते, त्याने काठावरचे बगळे होतात. पाण्यात दूर बसलेली बदकं हवी असतील तर ४०० च्या पुढे जावं लागतं.

त्यानंतर बॉडी. कॅनन आर१०, निकॉन झेड५० मार्क २ किंवा सोनी ए६७०० सारखे कॅमेरे पक्षी ओळखून फोकस धरून ठेवतात. उडत्या पक्ष्याचा नाद असेल तर त्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ आहे. बसलेल्या पक्ष्यांसाठी जुना डीएसएलआर आणि लांब लेन्स पुरते.

पायरी ६: लेन्सचं घराणं बघून बॉडी निवडा

बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स राहतात. त्यामुळे खरं लग्न माउंटशी, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायच्या खाचेशी, होतं. आरसा गेल्याने मिररलेसचा सेन्सर लेन्सच्या जवळ आला: कॅननच्या डीएसएलआरच्या ईएफ माउंटमध्ये हे अंतर ४४ मिमी होतं, मिररलेसच्या आरएफमध्ये २० मिमी; निकॉनच्या डीएसएलआरच्या एफमध्ये ४६.५, मिररलेसच्या झेडमध्ये १६. मधल्या रिकाम्या जागेत अडॅप्टर बसतो. म्हणून डीएसएलआरच्या लेन्स मिररलेसवर लागतात, मिररलेसच्या लेन्स डीएसएलआरवर लागत नाहीत.

कॅननवाल्यांचं सोपं आहे. ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टरवरून ऑटोफोकससह चालतात. निकॉनवाल्यांनी जरा थांबून लेन्सवरची अक्षरं वाचावीत. एएफ-एस आणि एएफ-पी असेल तर निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस चालतो. पण ५० मिमी एफ १.८डी सारख्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसते, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते, आणि एफटीझेडमध्येही मोटर नाही. ती हाताने फोकस करावी लागेल. वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्यातून आलेल्या लेन्सच्या भरवशावर झेड मालिका घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

काहीच लेन्स नसतील तर मोकळे आहात. सोनीच्या ई माउंटला सिग्मा, टॅमरॉन या दुसऱ्या लेन्स कंपन्यांच्या परवडणाऱ्या लेन्स सगळ्यात जास्त आहेत. निकॉन झेडला आणि २०२४ पासून कॅननच्या छोट्या आरएफ बॉडींनाही सिग्माच्या ऑटोफोकस लेन्स मिळू लागल्या, पण निवड अजून सोनीएवढी रुंद नाही. फुजीचा रंग मोहात पाडतो. मोह परवडत असेल तर वाईट नाही. फुलफ्रेमच्या मागे पहिल्याच खरेदीत लागू नका. बॉडी हलकी दिसते, लेन्स लावली की खांदा सांगतो.

आणि स्वस्त मॉडेलमधून काय कापलं आहे ते वाचा. कॅनन आर१०० ची स्क्रीन ना हलते ना बोटाला दाद देते. निकॉन झेड३० आणि सोनी झेडव्ही-ई१० ला डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. इंदूरच्या मे महिन्यातल्या उन्हात राजवाड्यासमोर स्क्रीन दिसणार नाही, हे झेड३० च्या सुंदर व्हिडिओत कोणी सांगत नाही.

पायरी ७: पैसे मांडा, मग बाजारात जा

सगळं बजेट बॉडीवर घालवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एकूण रकमेतला निदान तिसरा हिस्सा लेन्ससाठी ठेवा. त्यात दुसरी बॅटरी, व्ही३० (वेगाची खूण) लिहिलेलं चांगल्या कंपनीचं मेमरी कार्ड आणि साधी बॅग धरा. ५० हजारांच्या आत नव्या मिररलेसचे पर्याय फार थोडे आहेत, आणि त्या पैशात चांगला डीएसएलआर आणि एफ १.८ लेन्स सेकंडहँड मिळत असेल तर मी तिकडे जाईन.

नवा घेताना बिल पक्कं घ्या, त्यावर बॉडीचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्याशी, कॅमेऱ्याच्या तळाशी जुळवा. 'भिया, बिल के बिना पाँच हजार कम' असं कोणी म्हणालं तर हसून बाहेर या. बिलाशिवाय घेतलेल्या किंवा बाहेरून आणलेल्या मालाला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही.

सेकंडहँड घेणार असाल तर सोबत मोबाइलचा टॉर्च आणि लॅपटॉप न्या. लेन्समधून टॉर्च आरपार टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही कमी असो, नको. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांनी उघडी पडते. धूळ साफ होते, ओरखडा होत नाही. निकॉन आणि सोनीच्या बहुतेक मॉडेलच्या फोटोत शटर किती वेळा चाललं तो आकडा लपलेला असतो. कॅननच्या फोटोत तो मिळत नाही, त्यामुळे तिथे बॉडीची झीज, रबर आणि बटणं बघूनच अंदाज घ्या. लग्नाचं काम केलेली बॉडी बाहेरून चकचकीत असली तरी हॉटशूवरचा (वरच्या फ्लॅश लावायच्या खाचेवरचा) रंग उडालेला असतो. तिथे आधी बघा.

घरी आणल्यावर

पहिल्या आठवड्यात कॅमेरा भरपूर वापरा, दोष असेल तर तेव्हाच दिसू द्या. जुना लगेच विकू नका. नव्या कॅमेऱ्याचे मेनू हाताला बसेपर्यंत घरातलं महत्त्वाचं कार्य जुन्यावरच काढा.

रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) मिररलेस नेणार असाल तर लेन्स घरीच लावून निघा आणि राजवाड्यावर ती काढू नका. बऱ्याच मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडा पडतो आणि गुलाल हवेत असतो. पारदर्शक पिशवी, रबरबँड आणि लेन्सच्या पुढे साधा फिल्टर एवढ्याने निभावतं; तोफेतून उडणाऱ्या पाण्याच्या रंगाच्या थेट टप्प्यात मात्र उभे राहू नका, कुठल्यातरी ओळखीच्या गॅलरीतून काढा. आणि पावसाळ्यात कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवण्यापेक्षा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, पोह्यांचा मोठा डबाही चालतो. जेलचा रंग बदलला की सुकवून परत टाका.